अचानक पैसा आला, तर गाडी बदलेन का?

माझ्या गाडीला यंदा अकरा वर्षे पूर्ण झाली. ती एक लहान हॅचबॅक आहे. गिअरच्या मुठीवर कोरलेले आकडे माझ्या तळहाताने केव्हाच पुसून टाकले आहेत, चालकाच्या सीटची दाराकडची कड बसता-उतरता झिजून आतला फोम दिसू लागला आहे, आणि थंडीच्या सकाळी पहिली दहा मिनिटे दुसरा गिअर थोडे आढेवेढे घेतो. गाडी मात्र रोज चालते आणि तिने मला आजवर कधी वाटेत उभे केलेले नाही. काही आठवड्यांपूर्वी एक सहकारी मैत्रीण माझ्याबरोबर या गाडीतून घरी येत होती. तिने सहज विचारले, की उद्या अचानक मोठे घबाड हाती लागले तर तू ही गाडी बदलशील का. मी क्षणाचाही विचार न करता "बदलेनच की" असे म्हणाले. ती उतरून गेल्यावर मला त्या उत्तरापेक्षा त्याची तत्परता खुपू लागली. गेली चार वर्षे मी सर्वांना सांगत आले आहे, की ही गाडी मी आवडीने ठेवली आहे, तिचा प्रत्येक आवाज मला ओळखीचा आहे आणि जे व्यवस्थित चालते आहे ते बदलण्यात मला अर्थ दिसत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नव्हते.

"परवडत नाही" हे दोन शब्द आपल्या बोलण्यात फार मोठे काम करतात. ते एकदा उच्चारले, की ती वस्तू आपल्याला हवी आहे की नको, हवी असल्यास कशासाठी हवी आहे आणि नको असल्यास का नको आहे, यांपैकी कोणत्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही. समोरचा माणूसही पुढे काही विचारत नाही, कारण दुसऱ्याच्या ऐपतीविषयी खोदून विचारणे बरे दिसत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे लहानपणापासून आपल्या कानांवर पडलेले आहे आणि ते शहाणपणाचेच आहे. पण अंथरूण एका रात्रीत दहापट लांब झाले तर पाय कुठवर न्यायचे, याविषयी ती म्हण काहीच सांगत नाही. म्हणून मी ठरवले, की पैसा आला आहे असे खरोखरच धरून चालायचे, "परवडत नाही" हे शब्द बाजूला ठेवायचे आणि मग गाडीविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे काय उरते ते पाहायचे.

पहिली अडचण पैशाच्या स्वरूपातच निघाली. अचानक येणारा पैसा बहुधा रक्कम असतो, उत्पन्न नसते. लॉटरी असो, वारसाहक्क असो किंवा एखाद्या मालमत्तेची विक्री असो, तो एकदा येतो आणि तिथेच थांबतो. मोटार मात्र एकदा घेऊन भागत नाही. तिचा विमा दरवर्षी भरावा लागतो, सर्व्हिसिंग करावे लागते, टायर बदलावे लागतात, आणि या सगळ्याच्या जोडीला तिची किंमत न बोलता घसरत असते. ही घसरण पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगवान असते आणि अतिमहाग गाड्यांच्या बाबतीत ती सहसा अधिक तीव्र असते, कारण ज्यांना अशी गाडी परवडते त्यांना ती नवीच हवी असते आणि ज्यांना ती जुनी मिळू शकते त्यांना तिच्या दुरुस्तीची धास्ती वाटते. ती धास्ती अनाठायी नाही. मोठ्या रिमवर बसवलेल्या कमी उंचीच्या टायरला खड्ड्याचा धक्का पचवायला जागाच कमी असते, रस्त्याचे धक्के हवेवर झेलणाऱ्या एअर सस्पेन्शनमधली रबरी फुगीर पिशवी वयानुसार चिरते, आणि आधुनिक हेडलाइटचा एक भाग बिघडला तरी अनेकदा संपूर्ण दिवाच बदलावा लागतो. साध्या गाडीत हे सगळे भाग साधे असल्यामुळे बिघाडही साधे असतात. जेम्स ड्यूझेनबेरी या अर्थशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये असे मांडले होते, की उत्पन्न वाढले की माणसाचा खर्च सहज वर चढतो, पण उत्पन्न घटले तरी तो त्याच सहजतेने खाली येत नाही. गाडीच्या बाबतीत हे मला पूर्णपणे पटते. मोठ्या गाडीतून पुन्हा लहान गाडीत येणे हा व्यवहार म्हणून किरकोळ असतो, पण माणसाला तो चार लोकांत झालेला पराभव वाटतो, आणि म्हणून रक्कम संपत आली तरी गाडी मात्र पोसली जाते.

तरीही अचानक आलेला पैसा गाडीकडेच का धावतो? रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्रातले नोबेल मिळाले. पैसा सगळा सारखाच असला तरी माणूस मनात त्याचे वेगवेगळे कप्पे करतो आणि ज्या कप्प्यात तो पडला असेल त्यानुसार तो खर्च करतो, हे त्यांच्या कामाचे एक मुख्य सूत्र आहे. महिनाभर राबून मिळालेला पैसा घरखर्चाच्या कप्प्यात जातो आणि आयता मिळालेला पैसा हौसेच्या कप्प्यात जातो. हौसेच्या कप्प्यातून घेण्यासारख्या वस्तूंत गाडीला मानाचे स्थान आहे, कारण ती मोठी असते, ताबडतोब घेता येते आणि दाराबाहेर उभी राहते.

दाराबाहेर उभी राहण्याच्या या गुणाविषयी नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथल्या पोस्टकोड लॉटरीत दर आठवड्याला एक पिन कोड निवडला जात असे, आणि त्या पिन कोडमधल्या ज्या रहिवाशांनी तिकीट घेतलेले असते त्यांना रोख रक्कम आणि नवी बीएमडब्ल्यू मिळत असे. एका पिन कोडमध्ये मोजकीच घरे येतात, त्यामुळे एकाच गल्लीत तिकीट घेतलेले आणि न घेतलेले शेजारी एकमेकांना लागून राहत असतात. पीटर कुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की विजेत्यांचा वाढीव खर्च मुख्यतः गाड्या आणि इतर टिकाऊ वस्तूंवर झाला होता, आणि ज्यांना बीएमडब्ल्यू मिळाली त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी ती न ठेवता तिचे पैसे करून घेतले होते. याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, ज्यांनी तिकीटच घेतले नव्हते आणि ज्यांना एक पैही मिळाली नव्हती, अशा शेजाऱ्यांचाही गाड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ त्यावर विचार करत राहिले. मी नवी गाडी घेतली, तर शेजारच्या दारातली कालपर्यंत चांगली असलेली गाडी त्या दिवसापासून जुनी होते, आणि ती जुनी झाल्याचा खर्च मी नव्हे, तर तो शेजारी भरतो. गाडी बदलणे ही माझी खासगी बाब आहे असे मी समजत होते. ते तितकेसे खरे नाही.

ओळखीच्या एका गृहस्थांच्या बाबतीत हे सगळे मी जवळून पाहिले. त्यांना वारशाने बरीच मोठी रक्कम मिळाली आणि तीन महिन्यांच्या आत त्यांनी एक भलीमोठी, अतिशय देखणी गाडी घेतली. त्यांनी मला हौसेने फिरायला नेले. दार लावताना मी नेहमीच्या सवयीने ओढले, तर ते शेवटच्या बोटभर अंतरावर आपोआप थांबले आणि नंतर कुणीतरी आतून हलकेच ओढून घ्यावे तसे मिटले. बाहेरचा आवाज एकदम तुटला. काचा दुहेरी होत्या, पायाखालचा गालिचा जाड होता, आणि मला माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू येत होता. तो अनुभव सुंदर होता. पैशाने विकत मिळणाऱ्या गोष्टींत इतकी शांतता असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. पण मुख्य रस्ता सोडून आम्ही त्यांच्या घराच्या अरुंद गल्लीत शिरलो, तेव्हा चारही बाजूंचे सेन्सर एकाच वेळी वाजू लागले. त्यांनी आरसे मिटून घेतले, खांदे आवळले आणि पुढचे शंभरेक पावलांचे अंतर ते एक शब्दही न बोलता, कपाळावर घाम येईपर्यंत, इंच-इंच गाडी पुढे नेत राहिले. उतरल्यावर ते आधी डाव्या बाजूने वाकून पाहू लागले, कुठे ओरखडा पडला आहे का म्हणून. पुढे दोन-तीन महिन्यांनी ते मला बाजाराकडे जाताना दिसले, तेव्हा ते त्यांच्या जुन्या गाडीतच होते. ती त्यांनी विकली नव्हती. "रोजच्याला हीच बरी पडते," असे ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला खरोखरच सैलपणा दिसला.

पैसा वाढला की गाडी वाढली पाहिजे, ही अपेक्षा आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते. प्रत्यक्षात ती घडवली गेली आहे आणि तिला जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी ही गाडी १९०८ मध्ये आली, १९२७ पर्यंत बनत राहिली आणि त्या काळात तिच्या दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतली बरीच वर्षे ती फक्त काळ्या रंगात मिळत असे. डॉक्टरची गाडी, शेतकऱ्याची गाडी आणि दुकानदाराची गाडी एकच होती, आणि ती एकसारखी होती म्हणूनच दर काही वर्षांनी स्वस्त होत गेली. १९२३ मध्ये अल्फ्रेड स्लोन जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी नेमकी उलट वाट धरली. त्यांनी आपल्या कंपनीतल्या गाड्यांची एक शिडी रचली, जिच्या तळाशी शेव्हर्ले आणि टोकाला कॅडिलॅक होती, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर एकेक नाव होते. प्रत्येक खिशासाठी आणि प्रत्येक कामासाठी एक गाडी, असे त्यांचे धोरण होते. त्याच्या जोडीला दरवर्षी थोडे बाह्यरूप बदलण्याची पद्धत आली, हप्त्यांवर गाडी देणारी व्यवस्था कंपनीने १९१९ पासूनच उभी केली होती, आणि जुनी गाडी देऊन वरच्या पायरीवरची गाडी घ्यावी, हे ग्राहकांच्या अंगवळणी पडत गेले. १९२७ च्या सुमारास शेव्हर्लेने फोर्डला मागे टाकले.

या इतिहासाकडे मी पुन्हा पुन्हा वळते, कारण माझे ते तत्पर "बदलेनच की" नेमके कुठून आले, हे त्यातून मला समजते. मला गाडीची गरज भासली म्हणून मी तसे म्हणाले नव्हते. शिडीवर आपण खालच्या पायरीवर उभे आहोत, वर जाण्याचा पैसा आला की वर जायचे असते, एवढेच माझ्या मनाने गृहीत धरले होते. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच लिहून ठेवले होते, की संपत्ती नुसती असून भागत नाही, ती लोकांना दिसावी लागते. तेव्हा रस्त्यावर मोटारी मोजक्याच होत्या. पण घर गल्लीतच राहते, दागिने रोज घालता येत नाहीत आणि बँकेतली शिल्लक कुणाला दाखवता येत नाही. मालकाबरोबर सगळीकडे जाणारी आणि सर्वांना दिसणारी संपत्ती एकच, ती म्हणजे गाडी.

याच्या उलट बाजूने नेहमी दोन उदाहरणे दिली जातात. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन अब्जाधीश झाल्यावरही १९७९ ची फोर्ड पिकअप चालवत असत. ती गाडी आज त्यांच्या कंपनीच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. आयकियाचे संस्थापक इंगवार काम्प्राद अनेक वर्षे एक जुनी व्होल्वो २४० वापरत होते. ही उदाहरणे साधेपणाचा वस्तुपाठ म्हणून सांगितली जातात, आणि मला त्या दोघांविषयी आदरच आहे. पण माझ्या प्रश्नाला ती लागू पडत नाहीत. एक तर त्यांची संपत्ती अचानक आलेली नव्हती. ती दशकानुदशके वाढत गेली आणि त्या काळात त्यांच्या सवयी पक्क्या होत गेल्या. दुसरे म्हणजे, सॅम वॉल्टन जुन्या पिकअपमधून उतरले तरी समोरच्याला ते कोण आहेत हे माहीत होते. ज्याला सारे जग ओळखते, त्याला गाडीकडून ओळख उसनी घ्यावी लागत नाही. साधी गाडी त्याचा मान घटवत तर नाहीच, उलट वाढवते. ज्या माणसाला दारावरचा पहारेकरी गाडी पाहून आत सोडतो किंवा अडवतो, त्याच्यासाठी हा हिशेब वेगळा असतो, आणि त्याने चांगली गाडी घेतली तर त्याला दिखाऊ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मान मिळावा ही इच्छा क्षुद्र नाही. माझ्या बाबतीत ती किती आहे, एवढेच मला तपासायचे होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ती मला वाटत होती त्यापेक्षा जास्त निघाली. एका समारंभाला मी माझी गाडी मुद्दाम मागच्या रस्त्यावर लावून चालत गेले होते, हे मला हे लिहिताना आठवले आहे.

मग नव्या गाडीचा आनंद? "नव्याचे नऊ दिवस" असे आपण म्हणतो, आणि १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीच्या २२ विजेत्यांशी बोलून काढलेला निष्कर्षही साधारण तसाच होता: ते इतरांपेक्षा फारसे अधिक सुखी नव्हते आणि रोजच्या लहानसहान गोष्टींतला त्यांचा आनंद उलट कमी झालेला होता. पण एवढ्यावर थांबणे बरोबर होणार नाही. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांचा खूप मोठ्या प्रमाणावर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात मोठे बक्षीस मिळालेल्यांचे आयुष्याविषयीचे समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलेच आढळले. म्हणजे पैशाने काहीच होत नाही, हे खरे नाही. मला वाटते, पैशाने येणारी निश्चिंती टिकते आणि वस्तूने येणारा हर्ष ओसरतो. गाडीविषयी तर मिशिगन विद्यापीठात नॉर्बर्ट श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट पाहणी केली होती. आपल्या गाडीचा विचार करताना महागड्या गाडीच्या मालकांना अधिक आनंद वाटत असे. पण कामावर जाण्या-येण्यासारख्या नेहमीच्या प्रवासात, जेव्हा लक्ष गाडीकडे नसून रस्त्याकडे, घड्याळाकडे आणि दिवसभराच्या कामांकडे असते, तेव्हा गाडीच्या किमतीचा त्यांच्या मनःस्थितीशी संबंध दिसला नाही. माझा जवळजवळ सगळा प्रवास याच प्रकारचा आहे.

वेग आणि ताकद यांविषयी मला फार लिहायचे नाही. २००५ मध्ये आलेल्या बुगाटी व्हेरॉनला सोळा सिलिंडर, चार टर्बो आणि १००१ अश्वशक्ती होती, आणि ते सगळे थंड ठेवण्यासाठी दहा रेडिएटर बसवावे लागले होते. ताशी ४०७ किलोमीटर या कमाल वेगाने गेल्यास तिची पूर्ण भरलेली टाकी सुमारे बारा मिनिटांत रिकामी होते. अभियांत्रिकीचा नमुना म्हणून ती मला थक्क करते. माझ्या घरापासून कार्यालयापर्यंतच्या रस्त्यावर तिचा मला काहीही उपयोग नाही.

सुरक्षिततेचे मात्र तसे नाही, आणि "मला गाडी बदलायचीच नाही" हे माझे चार वर्षांचे म्हणणे इथे पहिल्यांदा डळमळीत झाले. मागच्या पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीने अचानक ब्रेक लावला. मीही पाय पूर्ण दाबला. पायाखाली पेडल थरथरू लागले, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही यंत्रणा आपले काम करत होती. पण गाडी थांबत नव्हती. ती सरकत राहिली आणि पुढच्या गाडीपासून जेमतेम वीतभर अंतरावर उभी राहिली. माझे हात सुकाणूवर इतके घट्ट आवळले गेले होते की बोटे सोडवायला वेळ लागला. बाजूला गाडी घेऊन मी खाली उतरले आणि टायर पाहिले. खाचांच्या तळाशी जे लहान रबरी उंचवटे असतात, ते टायरच्या पृष्ठभागाच्या बरोबरीला आले होते. हे उंचवटे १.६ मिलिमीटर उंचीचे असतात आणि खाच तेवढीच उरली की टायर बदलण्याची वेळ झाली, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून माहीत होते. एक वर्षभर मी "अजून थोडे चालतील" असे म्हणत होते.

गाडी रस्त्याला जिथे टेकते तो भाग प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढा असतो. ब्रेक कितीही उत्तम असोत, एबीएस असो वा नसो, गाडी थांबायची ती त्या चार तळहातांच्या पकडीवरच थांबते. वेग ताशी ५० वरून ७० वर गेला की गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि ती सगळी त्या चार ठिकाणीच जिरवावी लागते. महागड्या गाडीनेही, टायर तेवढेच झिजलेले असते तर, मला वाचवले नसते. त्या रात्री मी जे शिकले ते असे, की सुरक्षिततेचा जो भाग मी "पैसा आला की" या खात्यात टाकून निवांत बसले होते, त्यातला मोठा वाटा माझ्या आजच्या आवाक्यात होता. दोन दिवसांत मी चारही टायर बदलले.

उरलेला वाटा गाडीच्याच रचनेत असतो आणि तो माझ्या गाडीत नाही. सुरक्षिततेच्या सोयी आधी श्रीमंतांच्या गाड्यांत येतात आणि मग हळूहळू खाली उतरतात, असा मोटारींचा बराचसा इतिहास आहे. चारही चाकांवर चालणारे इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या सर्वांत वरच्या श्रेणीत आले, घसरणारी गाडी सावरणारी स्थिरता-नियंत्रण यंत्रणा १९९५ मध्ये तशाच महागड्या गाडीत आली, आणि आज या दोन्ही गोष्टी अगदी साध्या नव्या गाडीतही मिळतात. याला एक सन्माननीय अपवाद आहे. नील्स बोहलिन यांनी व्होल्वोसाठी तयार केलेला तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट १९५९ मध्ये आला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना वापरू दिले. म्हणजे आज मला सुरक्षितता विकत घ्यायची असेल तर त्यासाठी शिडीच्या टोकापर्यंत जाण्याची गरज नाही. माझ्या गाडीत स्थिरता-नियंत्रण नाही आणि मागच्या प्रवाशांसाठी पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग नाहीत. या दोन गोष्टींसाठी मी गाडी बदलेन, आणि हे उत्तर देताना मला कुठेही संकोच वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मला विचार करताना सुचली आणि तिने मी थोडी घाबरले. खूप पैसा आला की आधी सीट बदलते, गाडी नंतर बदलते. माणूस मागे जाऊन बसतो. सर्वांत महागड्या गाड्यांपैकी कित्येकांची रचनाच मागच्या प्रवाशासाठी केलेली असते. पाय पसरण्याची जागा, मागे झुकणारी सीट, हाताशी येणारा स्क्रीन, सगळे मागे. पुढे बसून गाडी चालवणारा माणूस पगारी असतो. मला गाडी चालवायला अतिशय आवडते. क्लच सोडताना गाडी नेमकी कुठे उचल घेते ते पायाला कळते, वळणाआधी गिअर उतरवला की इंजिनाचा सूर बदलतो, आणि दिवसभर लोकांच्या मर्जीप्रमाणे वागल्यावर घरी येताना तेवढी चाळीस मिनिटे एक यंत्र माझ्या हातापायांचे ऐकत असते. कितीही संपत्ती आली तरी सुकाणू सोडायचे नाही, हे मी मनाशी पक्के केले आहे. जी गाडी स्वतः चालवण्याची भीती वाटावी, इतकी रुंद किंवा इतकी किमती गाडी त्यामुळे आपोआपच माझ्या यादीतून बाद होते.

राहिली माझी आई. तिचे वय चौऱ्याहत्तर आहे आणि दोन्ही गुडघे दुखतात. माझ्या गाडीत बसताना ती आधी दाराच्या वरच्या कडेला धरते, मग पाठमोरी होऊन हळूहळू खाली उतरू लागते, आणि शेवटच्या चार-सहा इंचांत स्वतःला सोडून देते, कारण तिथे गुडघे तिचे वजन पेलत नाहीत. दरवेळी त्या क्षणी तिचा श्वास तोंडातून एकदम बाहेर पडतो. उतरताना याच्या उलट करावे लागते आणि ते त्याहून कठीण असते. गेल्या वर्षभरात ती "तूच जाऊन ये" असे वारंवार म्हणू लागली आहे. मी त्याला तिचा थकवा समजत होते.

मागच्या रविवारी मी मोजपट्टी घेतली. माझ्या गाडीची मागची सीट जमिनीपासून बावन्न सेंटिमीटरवर आहे. घरातल्या ज्या पलंगावर आई कुणाचाही हात न धरता बसते आणि उठते, त्याची उंची एकसष्ट आहे. नऊ सेंटिमीटरचा फरक. तिच्या बाहेर जाण्या-न जाण्यातले अंतर एवढेच होते, आणि मी चार वर्षे त्यावर "जे चालते आहे ते का बदला" असे म्हणत होते.

माझ्या भावाच्या मित्राकडे थोडी उंच बांधणीची, पण लांबी-रुंदीने माझ्या गाडीएवढीच असलेली एक साधी गाडी आहे. ती तो विकणार आहे. मी ती दोन दिवसांसाठी मागून आणली. मागच्या सीटची उंची साठ भरली, दार जवळजवळ काटकोनात उघडते, आणि उंबरा अरुंद असल्यामुळे पाय आत घेताना तो उचलून पलीकडे टाकावा लागत नाही. स्थिरता-नियंत्रण आहे, पडदा-एअरबॅगही आहेत. मुख्य म्हणजे ही गाडी घेण्यासाठी मला कुठल्या घबाडाची वाट पाहावी लागणार नाही. माझी जुनी गाडी विकून आणि थोडी शिल्लक घालून ती जमण्यासारखी आहे. क्लच थोडा उंचावर उचल घेतो, त्याची सवय करून घ्यावी लागेल.

आई बाहेर आली, तिने सवयीने दाराच्या वरच्या कडेकडे हात नेला आणि मग तो न टेकवताच ती सीटवर बसली. पाय आत घेतले. पुन्हा उतरली, पुन्हा बसली. मग म्हणाली, "चल, जरा लांब जाऊन येऊ."